म्हसोबाला बोललेला भुंडा बोकड

आता तुमीच सांगा, जाळलेलं शिंग परत येतं का? अन् आलंच तर एकटंच यावं, ते बी वाकडं, कानाकडं तोंड करून? ढोरांचे डॉक्टर तर छातीठोक म्हणले होते, "कोंडीराम, मुळासकट जाळलंय, जन्मात येणार नाही."

म्हणताल, शिंग जाळायचं खूळ कशापायी? अहो, ह्या जिभेपायी. आमच्या ईट गावच्या माळावर विहीर खंदत होतो, चाळीस हात गेलो, नुसता खडक. म्हसोबाम्होरं हात जोडले, "देवा, पाणी लागू दे, काळा बोकड देतो." इथंच गप बसावं का न्हाय? न्हाय बसलो. म्हणलो, "काळा... अन् भुंडा." आठ दिसात पाणी लागलं बघा! अन् आमच्या शेळ्यांची करडं, एकूण एक शिंगाची. बाजारातनं भुंडा आणावा म्हणलं, तर आमचा गोरोबा गुरव म्हणतो, "नवसाचा बोकड घरच्याच दावणीचा लागतो."

मग तालुक्याच्या भूमहून ते ढोरांचे डॉक्टर गावात आले तवा आठ दिसाचं काळं करडू त्यांच्याम्होरं धरलं. त्यांनी सळई तापवून शिंगाच्या मुळांवर टेकवली, करडू असं वरडलं की आमची द्वारका धावत आली, "बास करा हो, लेकरू हाय ते." झालं, डाव्या अंगाची सळई त्यांनी लवकर उचलली, अन् वर पुन्हा तेच, जन्मात येणार नाही.

माघात डाव्या अंगाला टेंगूळ, चैत्रात शिंग. जत्रंला म्या त्याच्या डोस्क्यावर झेंडूचा हार गुंडाळला, शिंग दडवलं. तर हा बोकड समद्या गावादेखत स्वतःचाच हार खाया लागला. गोरोबा म्हणतो, "देवाला फशिवता व्हय? विहीर आटली म्हंजे?" बोकड माघारी. तवापास्नं रोज उठून पहिलं विहिरीत डोकावतो, पाणी हाय का गेलं. जन्मात येणार नाही म्हणं.

काल शेळी व्याली. दोन बोकड, काळेभोर. जीव मुठीत धरून डोस्की चाचपली... चारी शिंगांची मुळं जागच्या जागी. बाप ह्यो एकशिंग्याच की. डोस्क्यावरचं जाळलं, अंगातलं कोण जाळणार?

द्वारका म्हणली, "देवाकडं वर्साची मुदत मागा, नारळ बोला." बोललो. नुसता नारळ. शेंडीचा का बिनशेंडीचा, त्याबद्दल तोंडातनं अक्षर काढलं न्हाय.