तळ्याकाठी काढलेले बूट

बाबांना हाइकला नेलं तेव्हाचं सांगितलं का रे तुम्हाला? पुण्याहून इथे परदेशात, आमच्या सरे गावात आले होते. म्हटलं, डोंगरातल्या तळ्यापर्यंत चढू, तिथल्याच हायकर्सच्या लाकडी हटमध्ये मुक्काम करू. पाच तास चढ, आणि पाचही तास एकच पालुपद: "सिंहगडावर निदान ताक तरी मिळतं!"

शेवटचं वळण घेतलं आणि समोर तळं आलं. निळं म्हणू की हिरवं, मला अजून ठरवता येत नाही. बर्फाचा अख्खा डोंगर त्यात उतरलेला.  बाबा खाली बसून बुटांच्या लेस सोडायला लागले.

"पाय दुखतायत का, बाबा?"

"बोलू नकोस. तूही काढ."

गारठलेल्या दगडांवर आम्ही दोघं अनवाणी उभे. मागून आलेल्या गोऱ्या जोडप्याला वाटलं, इथला नियमच असणार, त्यांनीही काढले. त्यांचं बघून पुढच्यांनी. बघता बघता सात जोड ओळीत लागले.

तेवढ्यात हटची केअरटेकर बाहेर आली. हसून म्हणाली, "बूट इथे नाही, आत गेल्यावर काढायचे."

बाबा तळ्यावरची नजर न हलवता म्हणाले, "मॅडम, वुई आर इनसाइड."

ती क्षणभर तळ्याकडे बघत राहिली, आणि लेस सोडायला वाकली.