बाबांची जोडणी

पुढच्या माणसाच्या हातातली लोखंडी पिन एका बाजूने तीन मिलिमीटर झिजली होती. गॅरेजच्या रांगेत त्याच्यामागे पंपाचा वॉशर घ्यायला उभ्या बाईंनी नजरेनेच माप घेतलं.

त्याच्याशेजारी उभी धाकटी बहीण म्हणाली, "दादा, सहा वर्षं या पिनेचीच मापं घेतोयस. जुन्या ट्रॅक्टरला नवा नांगर लागत नाही, शेडमध्ये गंजतोय."

"ट्रॅक्टरची मागची जोडणी बाबांनी स्वतः बसवलीय, छोटे. ती कापायची?"

"बाबा रोज तिच्या नावाने खडे फोडायचे."

"प्रेमाने."

"अंगठा चेंगरला तेव्हाही?"

"तेव्हा जरा मोठ्याने."

मेकॅनिकने हात पुसले. "काय ठरलं? जुनी कापून नव्या नांगराला चालणारी तीन दांड्यांची जोडणी, की यंदाही पिनच?"

"पिनच—"

"दादा, नांगरणीला आठ दिवस उरलेत."

दादाने पिन काउंटरवर ठेवली.

"कापा. मी तोवर बाहेर उभा राहतो."