संत्र्यांच्या खोक्यावरची गायिका

क्योतोच्या बसथांब्यावर मागून मराठी ऐकू आलं, तशी नुपूरने मोबाईल पर्समध्ये टाकला. मागे एक आजी होत्या आणि पाठीला गिटार लावलेली त्यांची नात.

"मुरी, आजी!" नात जपानीत वैतागली. "नाही जमणार. गाणं नेटवर टाकलं, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही."

"तुझे आजोबा साठच्या दशकात इथल्याच एका रेकॉर्ड कंपनीत होते. एका नव्या गायिकेची जाहिरात त्यांच्याकडे होती."

"टीव्हीवर?"

"कसला टीव्ही! रेकॉर्डच्या दुकानाबाहेर संत्र्यांचं खोकं उलटं घालायचे आणि तिला वर उभं करायचे. ती गायची, हे पत्रकं वाटायचे."

"लोक थांबायचे?"

"पहिल्या गावात एक बाई थांबली. तीही पत्ता विचारायला."

"मग?"

"मग दोघं पुढच्या गावाला गेले."

"शेवटी प्रसिद्ध झाली ती?"

"नाही गं. पण आमच्या लग्नात तीच गायली. तेव्हा मात्र कुणी जागचं हललं नाही."

"...आजी, स्टेशनबाहेर गायला परवानगी लागते?"

"मला काय माहीत? चल, विचारू. ही बघ, बस आलीच."

नुपूरची बस वेगळी होती. तरी ती त्यांच्या मागोमाग चढली.