दहावं बोट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या कारखान्याचे संस्थापक थोरले मिन साहेब, कारभार पाहणारे त्यांचे चिरंजीव धाकटे मिन साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते सत्कारमूर्ती, धार विभागाचे फोरमन हाम सोक-जू, पहिल्या रांगेत बसलेली त्यांची मुलगी सो-रान, आणि समोर बसलेल्या माझ्या कामगार बंधूंनो, भगिनींनो, सर्वांना नमस्कार.

कुणाचं नाव राहिलं असेल तर आत्ताच हात वर करा, लगेच घेऊन टाकते. नंतर रुसवे नकोत.

मी कू फिल-नाम. सोलच्या नामदेमुन बाजारात माझं घाऊक दुकान आहे. नेलकटर, चिमटे, छोट्या कात्र्या, कानकोरणी, एवढाच माल. शाळा पाचवीत सुटली. त्यामुळे आधीच्या वक्त्यांसारखं नदी, डोंगर, दीपस्तंभ असलं काही माझ्याकडून होणार नाही. फोरमनला दीपस्तंभ कशाला म्हणायचं? माणूस आहे तो. गुडघे दुखतात त्याचे.

धाकट्या मिन साहेबांनी जेवताना मला तीनदा विचारलं, "कू बाई, पुढच्या वर्षाचं काय ठरलं?" सूप पिऊ देईनात. त्यांचं चूक नाही. माझा माल बंद झाला तर धार विभागातली निम्मी बाकं रिकामी होतील, हे या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आणि माझ्याकडे आणखी दोघांचे नमुने येऊन पडलेत हेही ठाऊक आहे. एक समुद्रापलीकडचा, स्वस्त. दुसरा इथलाच, चकचकीत. आज मी काय सांगते याकडे तुमचे कान लागलेत, हाम फोरमनच्या कौतुकाकडे नाही. सांगते. बसायच्या आधी सांगते. पण माइक मला त्यांच्याबद्दल बोलायला दिलाय, तर आधी ते.

सत्तावीस वर्षांपूर्वी मी सव्वीस वर्षांची होते. दुकान माझ्या मालकिणीचं, मी मदतनीस. ज्या कारखान्याचा माल आम्ही विकायचो त्याची धार महिन्यात जायची. गिऱ्हाईक नेलकटर आमच्या फळीवर आपटून जायचं. मालकीण आजारी पडली, आणि अंथरुणातूनच म्हणाली, "फिल-नाम, यंदा माल कुणाकडून घ्यायचा ते तू ठरव. चुकलीस तर दुकान बंद, आणि तू तुझ्या वाटेने."

जूनमध्ये हा माणूस आला. हातात कातडी पेटी, दुसऱ्या हातात चॉनानच्या अक्रोडाच्या केकचा डबा. पेटी उघडली तर नेलकटर आरशासारखे चमकत होते. मी म्हटलं, "एवढी पॉलिश नमुन्यालाच असते. डबा ठेवा, पेटी घेऊन जा."

दुसरा कुणी असता तर चिडला असता. हे म्हणाले, "बरोबर बोलता. नमुना म्हणजे लग्न जुळवायला पाठवलेला फोटो. माझ्या नमुन्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका. कारखान्यात या, गोदामातलं खोकं तुम्ही निवडा, तुम्हीच फोडा."

माल विकायला आलेला माणूस आपल्याच मालावर विश्वास ठेवू नका म्हणतो, असं तुम्ही कधी ऐकलंय? मी नव्हतं ऐकलं. जुलैत इथे आले. खालच्या रांगेतलं तिसरं खोकं काढायला लावलं. हमालाने मनातल्या मनात मला शिव्या दिल्या असतील. तो हमाल आज तिथे बसलाय, हसतोय बघा. खोकं फुटेपर्यंत मी खिडकीशी उभी होते. तिथे हाम बसले होते. एकेक नेलकटर उजेडाकडे धरायचे, दोन्ही पाती मिटायचे, मधून उजेड दिसतो का बघायचे. मग कानाशी नेऊन दाबायचे. आवाज नीट आला की उजवीकडे, नाही आला की कानस. मी अर्धा तास उभी होते, त्यांनी मान वर केली नाही. मी कुणाची अर्धा तास वाट बघत नाही. बाजारात विचारा.

ऑगस्ट आला. मागच्या रांगेत व्हिएतनामहून आलेल्या मुली बसल्यात, त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे उन्हाळ्यात तेरड्याच्या पाकळ्या तुरटी घालून ठेचतात आणि पोरी नखांवर बांधून ठेवतात. नख नारिंगी होतं. तो रंग पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर टिकला तर मनातलं माणूस मिळतं, म्हणतात. नख वाढत जातं, आपण कापत जातो, रंग टोकाकडे सरकत जातो. शेवटी नुसती एक कोर उरते. मग पोरी कापायचंच सोडतात.

माझ्या शेजारी मोज्यांच्या दुकानात एक मावशी होती. तिने पकडून माझ्या डाव्या करंगळीला तेरडा बांधला. म्हणाली, "सव्वीस वर्षांची घोडी झालीस. दहा बोटांना नाही तर नाही, एकाला तरी बांध. आणि नाव नको सांगूस, मला कळलंय. अक्रोडाचे केक खाऊन तुझा चेहरा गोल झालाय."

मी तिला म्हटलं, "मावशी, मोजे विक."

आता माझी निवडायची पद्धत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तीन आठवडे नखं वाढवायची. तीन कारखाने, प्रत्येकाला तीन बोटं. नख कापायचं, कानस लावायची नाही, आणि ताणलेल्या नायलॉनच्या मोज्यावरून तसंच फिरवायचं. धागा ओढला गेला तर धार खोटी. नऊ बोटांत जो कारखाना खरा उतरला, त्याच्या मालाने दहावं बोट कापायचं. ते खात्रीचं बोट. दहाव्या बोटाशिवाय सौदा नाही. मालकिणीने घालून दिलेला नियम, आणि मी नियमाला पक्की.

नोव्हेंबरात तिघांना बोलावलं. दोघांच्या मालाने मावशीचे दोन मोजे फाडले. ती ओरडली ते वेगळं. हामच्या तिन्ही बोटांना धागा हलला नाही. राहिलं दहावं बोट. डावी करंगळी. तिच्या टोकाला नारिंगी कोर.

मी नेलकटर हातात घेतला आणि थांबले.

हामनी कोर बघितली. मग म्हणाले, "मला नऊ पुरेत."

"मला पुरत नाहीत," मी म्हटलं.

"बर्फाला थोडेच दिवस राहिलेत, फिल-नाम बाई. सौदा नंतर करू. मी पुन्हा येईन."

आता तुम्ही सांगा, काय म्हणायला हवं होतं? 'या पुन्हा' एवढंच. दोन शब्द. पण मला वाटलं, ह्याला कळलं. सगळा बाजार बघतोय. आणि उद्या कुणी म्हणेल, पोरीने माल नाही बघितला, माणूस बघितला. सव्वीस वर्षांच्या बाईला हे फार मोठं वाटतं. मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम," आणि कापलं. धागा हलला नाही. अशी धार मी त्याआधी बघितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी बर्फ पडला.

त्याच दुपारी हाम कराराचे कागद घेऊन आले. दारात उभे राहून खांद्यावरचा बर्फ झटकला. आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे. म्हणाले, "यंदा जरा लवकर पडला."

मी म्हटलं, "कागद आत ठेवा. भिजतील."

वसंतात त्यांच्या लग्नाची पत्रिका आली. मी गेले, पोटभर नूडल्स खाल्ल्या, आणि नवरीला आमच्या दुकानातला सगळ्यात चांगला संच दिला. सो-रान, तुझी आई मोठ्या मनाची बाई होती. दर नोव्हेंबरात ती यांच्याबरोबर माझ्यासाठी किमची पाठवायची, आणि डबा परत करताना मी तो रिकामा दिला तर रागवायची. मी तिच्यावर कधी जळले नाही. खोटं कशाला बोलू? पहिली दोन वर्षं जळले. मग किमची आवडायला लागली.

त्यानंतर दर वर्षी नोव्हेंबरात हे आले. दर वर्षी दुसऱ्या कुणाचे तरी नमुने असायचे, दर वर्षी मी नऊ बोटं कापली आणि दहावं यांच्या मालाने कापलं. बाजारात लोक म्हणायचे, कू बाई फार चोख, दर वर्षी नव्याने पारखते. लोकांना काय कळतं? एकदा पारखून विषय मिटवला असता, तर हे वर्षातून एकदा तरी कशाला आले असते?

सो-रान, आई गेली त्या वर्षीही तुझे वडील आले. नमुने मांडायला हात पुढे केला तर यांचीच नखं वाढलेली, दोन तुटलेली. देशभरातल्या नखांसाठी धार जुळवणारा माणूस! मी म्हटलं, "हात इकडे." त्यांनी दिला. दहाही बोटं कापली. मग ते म्हणाले, "आवाज बरोबर येतोय." मी म्हटलं, "तुमचाच माल आहे." झालं. एवढंच.

चहा थंड होतोय ते मला दिसतंय. आवरते.

दोन वर्षांपूर्वी हामनी मला दुकानात बसून सांगितलं, "डोळे कमी झालेत. पात्यांमधला उजेड मला दिसत नाही. यंदाचा माल ओक-बुनने जुळवलाय. तुम्हाला न सांगता विकणार नाही." पुन्हा तेच. आपल्या मालाविरुद्ध आपणच बोलायचं. ओक-बुन कोण, ती चौथ्या रांगेतली, मान खाली घालून बसलेली. उभी राहा गं. अठरा वर्षं यांच्या बाकाशेजारी बसलीय. तिला व्यासपीठावर खुर्ची का नाही, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

तर धाकटे मिन साहेब, ऐका. आज सकाळी मी एक तास आधी आले. गोदामात जाऊन खालच्या रांगेतलं तिसरं खोकं फोडायला लावलं. बाकी दोघांचा माल पिशवीत होताच. नऊ बोटं कापली. समुद्रापलीकडच्याने मोजा उसवला, चकचकीत मालाने दोनदा धागा ओढला. ओक-बुनच्या तिन्ही बोटांना धागा हलला नाही. पुढच्या वर्षीचा माल मी इथूनच घेणार. अट एकच. धार जुळवायचं यंत्र आणायचं तुम्ही बोलताय, ते इतरांच्या मालाला आणा. माझा माल खिडकीशी बसून जुळला पाहिजे, आणि त्या बाकावर ओक-बुन पाहिजे, फोरमन म्हणून. मान डोलावलीत. सगळ्यांनी बघितलं. आता वाजवा टाळ्या.

हाम फोरमन, कारखान्याने तुम्हाला निवृत्तीची भेट म्हणून सोन्याची किल्ली दिली. चांगली आहे, पण तिने कुलूप उघडत नाही. महिनाअखेरीस तुम्ही दक्षिणेला, समुद्राकाठी बहिणीच्या गावी राहायला जाणार असं ऐकते. हवा चांगली आहे, गुडघ्यांना बरं. पण तिकडे बर्फ फारसा पडत नाही म्हणतात. पुढच्या नोव्हेंबरात नमुने घेऊन ओक-बुन येईल. ती येऊ दे, माल तिचाच आहे. पण मला केकचा डबा तिच्या हातून नकोय.

आयोजकांनी मला बोलावलं, सूप चांगलं दिलं, हमालाने सत्तावीस वर्षांनी पुन्हा तेच खोकं काढून दिलं, त्या सगळ्यांची मी आभारी आहे. थोरले मिन साहेब, एवढा वेळ झोपला नाहीत, तुमचे विशेष आभार. माझं बोलणं कानस न लावलेलं असतं. कुणाला खरखर लागली असेल तर मोठ्या मनाने घासून घ्या.

आणि एक चूक मी मुद्दाम केलीय, तिचीही माफी आजच मागते. यंदा पहिल्यांदा मी नऊ बोटांवर सौदा केला. दहावं बोट शिल्लक आहे. मोजेवाली मावशी आता नाही, म्हणून ऑगस्टमध्ये गॅलरीतल्या कुंडीतला तेरडा मीच ठेचला, मीच दातांनी दोरा ओढून बांधला. हसा, हसायला हरकत नाही, त्रेपन्न वर्षांची आहे मी. हा बघा हात. मागच्यांना दिसणार नाही, आणि हामना तर अजिबात दिसणार नाही, म्हणून तोंडाने सांगते. रंग आहे. कोरभर आहे, पण आहे.

बर्फ अजून पडलेला नाही.

बसते.