बंडूजीचा सांगावा

…अन् वरतून लोक मलेच इचारतात, "रूपराव, काऊन लग्न करत नाई?" अरे, मी करत नाई? होकार देल्ला हाये, हळकुंडं डब्यात हाये, फक्त बंडूजीचा सांगावा याचा बाकी हाये! आता बंडूजीले मरून बारा वर्सं झाले, हे खरं… पण तुम्हाले सांगतो, माणूस येते!

तीन घरचं साटंलोटं होतं. आमची बहीण नलू वडनेरले, वडनेरची पोरगी केळझरले, अन् केळझरची अन्नपूर्णा मले. एकानं हळद लावली अन् दुसरा फिरला, तं पोरीचं वाटोळं! म्हणून मध्यस्थ बंडूजीनं शपथच घातली, "तिन्ही होकार हाती आले का मी येऊन सांगतो. तवरिक हळद लावाची नाई, अन् होकार देल्ला का फिराचं नाई." आमी म्हटलं, तयार हाओ! बंडूजी छत्री घेऊन एस्टीत बसले, अन् उन्हानं एस्टीतच गेले! चौऱ्याहत्तरचा मे महिना. कोणाकोणाचा होकार झाल्ता? काय मालूम!

मी केळझरले गेलो. अन्नपूर्णेचा बाप म्हन्ते, "आमी तयार हाओ, पण सांगावा कुठी हाये?" वडनेरले गेलो, तिथंही तेच! घरी येऊन वडिलाले म्हटलं, बापूजी, तिघंही तयार हाये, लावून टाकू! खेकसले माह्यावर, "शब्द बंडूजीले देल्ला. तो सोडवन तवाच सुटन!"

अन् पुढच्या मे महिन्यात, भर दुपारी आमच्या समुद्रपूरच्या स्टँडवर एस्टी थांबली. कोणीच उतरलं नाई. कंडक्टर म्हन्ते, "छत्रीवाले काका उतरले ना आत्ता!" मी हासलो. घरी आलो तं बापूजी हात जोडून उभे, रिकाम्या दाराले सांगून राह्यले, "हो हो, तयार हाओ." अन् बाहेरून आवाज… "बरं. केळझरले इचारून येतो." फरशीवर छत्रीचं टोक टकटक करत गेलं. नलूच्या हातची परात पडली!

तवापासून दरसाल! मेल्यावर याददाश्त राह्यत नाई वाटते. तिसऱ्या घरी पोचते तं पह्यला होकार विसरते, पुन्हा आमच्या दारात! "तयार हा का?" तयार हाओ! नलूचे केस पिकाले लागले, तयार हाओ! एकदा केळझरच्या गणपतीत अन्नपूर्णा दिसली, डोळे मिटून पुटपुटून राह्यली होती… तयार हाओ, तयार हाओ… रडूच आलं हो मले.

यंदा बापूजी गेले. मंगळवारी दुपारी टकटक. "तयार हा का?" मी डोळे मिटले अन् वरडलो, "नाई! मोडलं! नलूले दुसरीकडं देतो!"

मंग एकदम मायेनं आवाज आला, "बरं झालं सांगितलं, बेटा. पण त्या दोन घराइले कळल्याबिगर मोडत नाई. सांगून येतो. तवरिक हलू नका."

अन् गेले! आता केळझरले पोचते, का रस्त्यातच इसरते, कोणाले इचारू? बारा वर्सं लग्न लागाची वाट पाह्यली… आता मोडाची पाहून राह्यलो!