बी.टी.वाल्या बाईंसाठी निरोप

"हॅलो? … हो, उर्मिलाच बोलतेय. … नलू ना? बोल."

सुमतीकाकूंनी जिन्यातून हाक मारली तेव्हाच उर्मिलेनं ओळखलं होतं, फोन नलूचा असणार. दादरच्या त्या अख्ख्या इमारतीत फोन एकच, पहिल्या मजल्यावर डॉक्टरांकडे. त्यामुळे सगळ्या बिऱ्हाडांची लग्नं, बाळंतपणं आणि भांडणं डॉक्टरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या साक्षीनं पार पडत. आताही त्या समोर मेथी निवडत बसल्या होत्या, कान नसल्यासारख्या.

"पत्र आलं? … काय सांगतेस. निवड झाली? … अगं, छान. छानच झालं. … नाही गं, आवाजाला काय झालंय? लाइन खराब आहे."

लाइन चांगली स्वच्छ होती. कॉलेजात दोघी एका बाकावर बसायच्या. पुढे नलू नुसती बी.ए. होऊन गिरगावातल्या एका शाळेत चिकटली. उर्मिलेनं मात्र रीतसर बी.टी., म्हणजे शिक्षकी पेशाची पदवी, केली आणि आठ वर्षं मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. नैरोबीतल्या गुजराती मुलांच्या एका शाळेला इंग्रजीच्या दोन शिक्षिका हव्यात, ही जाहिरात पहिल्यांदा पाहिली उर्मिलेनंच. आपल्या बी.टी.पुढे हिचा काय निभाव लागणार, अशा भरवशानं तिनं कात्रण नलूला दिलं होतं. मोठं मन दाखवायला तिला आवडायचं, त्यात धोका नसला की.

"एक विचारू? राग नको मानूस. … बी.टी. नाही म्हणून काही बोलले नाहीत? … काहीच नाही? … पण जाहिरातीत होतं ना तसं, प्रशिक्षितांना प्राधान्य म्हणून. … हो, हो… अगं ऐक ना. तिथं चाळीस पोरं समोर बसणार. त्यांना मराठी येत नाही, तुला गुजराती येत नाही. मग शिकवणार कशी? त्याला पद्धत लागते नलू. बालमानसशास्त्र लागतं. … बरं. … बरं बाई, नसेल लागत."

काकूंनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

"पाठ घ्यायला लावला? तिथल्या तिथे? … मग कोणता घेतलास? … छत्रीचा?"

उर्मिलेनं रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला. छत्रीचा पाठ तिचा होता. वर्गात छत्री उघडायची, मिटायची, मुलीकडे द्यायची, परत घ्यायची, आणि एक शब्द मराठी न बोलता इंग्रजी क्रियापदं शिकवायची. बी.टी.च्या टाचणवहीत परीक्षक बाईंनी त्या पाठाखाली तांबड्या शाईनं 'उत्तम' लिहिलं होतं. ती वही नलू जूनमध्ये "चाळून देते" म्हणून घेऊन गेली होती.

"आवडलाच असेल. … आभार कसले त्यात. … नको, वही राहू दे तुझ्याकडे. मी इथं कुणाला छत्र्या उघडून दाखवू आता?"

बोललं गेल्यावर तिचं तिलाच ते लागलं.

"मी? मी मुलाखतीला का नाही आले म्हणजे? हरताळ होता त्या दिवशी. ट्राम नाही, बस नाही. … तू चालत गेलीस, कबूल. गिरगावातून फोर्ट असं किती गं? दादरहून येऊन बघ. … आणि तत्त्व म्हणून काही आहे की नाही? मुंबईसाठी लोक लाठ्या खातायत, आणि आपण ठेवणीतली साडी नेसून मुलाखतीला जायचं?"

तत्त्व मागाहून सुचलं होतं. हरताळ आहे म्हणजे मुलाखती पुढे ढकलणारच, नवी तारीख कळवतील, असं धरून ती सकाळी केस धुऊन आरामात बसली होती. तिच्या शाळेत तसंच व्हायचं.

"फोन? … काकू म्हणाल्या होत्या बहुतेक. … तीनदा? … मी घरी नव्हते ना. सभेला गेले होते. … शिवाजी पार्कला."

काकूंचे हात थांबले. त्या दिवशी तीनदा जिना चढून त्या वर गेल्या होत्या. पहिल्याच वेळी कळलं, नलू मुलाखतीच्या ऑफिसातून बोलतेय. म्हणजे मुलाखती चालू होत्या, आणि नलू तिथं पोचली होती. उर्मिलेचा नुसता जळफळाट झाला. घरी नाही म्हणून सांगा, म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या, अगं, निरोप तरी ऐक. तेव्हा, "नलूचं काही सांगूच नका मला आज," म्हणून तिनं दार लोटलं होतं.

"पण एवढं काय होतं? … कोण, नैरोबीचे मोठे साहेब? … सावकाश सांग. … दुसरी जागा बी.टी.वाल्या बाईंसाठी ठेवली होती? … माझं नाव घेतलं त्यांनी? स्वतः? … माटुंग्याला कुठे? … बहिणीकडे उतरले होते. … सहापर्यंत वाट बघतो म्हणाले. … अगं, दहा मिनिटांवर आहे इथून. … हो. दुसऱ्या दिवशी बोट. … मग ती जागा? … सुरतेची. … बी.टी. असेलच ती."

बी.टी.चा उपयोग होता तर. खुर्ची रिकामी ठेवून माणसं वाट बघत होती, इतका होता.

"निरोप ठेवला होतास? पत्त्यासकट?"

काकू उठल्या. पदराला हात पुसून त्यांनी फोनखालचा खण उघडला आणि डॉक्टरांच्या औषधाच्या कागदाची एक घडी फोनशेजारी ठेवली. त्यावर पेन्सिलीनं माटुंग्याचा पत्ता होता. खाली लिहिलं होतं, सहाच्या आत. मग त्या पुन्हा मेथीपाशी जाऊन बसल्या.

"मला नाही गं मिळाला. काकू विसर…"

काकू मान खाली घालून देठं मोडत राहिल्या.

"नाही. थांब. काकू विसरल्या नाहीत. ऐक नलू, मला त्या दिवशी तुझा हेवा वाटला. तू चालत गेलीस आणि मी घरात बसले, हेच सोसवेना. वाटलं, मिरवायला फोन करते आहेस. म्हणून मी… हॅलो? नलू? … हॅलो?"

लाइन तुटली होती. कुठपर्यंत ऐकू गेलं, कळायला मार्ग नव्हता. खरं सांगायचं तर उर्मिलेला आधी हायसंच वाटलं. सुटले. सभेची थाप तशीच राहील. तिनं रिसीव्हर ठेवला, कागद मुठीत घेतला आणि दाराकडे वळली.

फोन वाजला.

काकूंनी मान वर केली, पण जागच्या हलल्या नाहीत. दोनदा वाजला, तीनदा वाजला. घरी नाही म्हणून सांगा, हे शब्द उर्मिलेच्या अगदी ओठांवर आले होते. ती परत फिरली.

"हॅलो? … हो, मीच. … नाही गं, सभाबिभा काही नव्हती. मी घरीच होते, नलू. तिन्ही वेळेला."