खालचा सूर सोडला तेव्हा

हॅलो?… हो ताई, बोल… नाही गं, कधीच उठलेय, चहा घेतेय.

हो, तेच सांगणार होते. माझी गिटार देणार होते खरी, पण ती न्यायला आता चिमणीला पाठवू नकोस… तिला म्हणावं, मावशी तुला दुसरी घेऊन देईल… अगं रागावू नकोस, ऐक ना. काल वाजवलं मी.

हो, हॉटेलात, लोकांसमोर. तिथल्या बँडचा गिटारवाला तापानं पडला, म्हणून ड्रमवाल्यानं मला फोन केला… बोटाचं त्याला ठाऊक आहे गं. गाडीच्या दारात सापडलं तेव्हा दवाखान्यात त्यानंच नेलं होतं. तरी म्हणाला, ये.

बोसा नोव्हा… बोसा. ते हळू, डुलत चालणारं जॅझ… हां, तेच, जे लावलं की भावजी झोपतात.

नाही, वळत नाहीच ते बोट. पहिल्या गाण्यात कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, धरायला गेले तर तारा नुसत्या खरखरल्या. वाटलं, उठावं आणि सरळ घरी जावं… मग काय, धरता येतील तेवढेच सूर धरले. मधले दोन. खालचा सोडूनच दिला… अगं, खालचा सूर बासवाला वाजवतोच की. इतकी वर्षं मीच उगाच त्याचं ओझं वाहत होते.

आणि ऐक… मधेच बासवाल्यानं आपला सूर बदलला. माझी बोटं होती तिथंच, पण कॉर्ड निराळीच झाली. म्हणजे… कसं सांगू, मी खुर्चीवरून हललेच नाही आणि खोली बदलली… हो ना. काटा आला अंगावर.

सॅक्सोफोनवाले आजोबा सुचेल तसं वाजवत होते, ते वळून बघायला लागले. मला वाटलं, चुकलं. तर ते थांबले आणि मानेनं खुणावलं, आता तू… नाही म्हटलं ना मी, तसंच, मानेनं. ते थांबूनच. बास चालू, ड्रम चालू, आणि मधे ही एवढी रिकामी जागा…

वाजवलं. मोजकेच सूर, थांबत थांबत, सुचेल तसे… टाळ्या कसल्या, लोक जेवत होते. आजोबांनी मात्र मी सोडलं तिथूनच पुढं उचललं.

शुक्रवारी ये म्हणालेत. गिटारवाला बरा झाला तरी… हो, दोघांनी मिळून.

दुखतंय ना. सकाळी बरणीचं झाकण उघडेना… नाही, डॉक्टर नको. तसलं दुखणं नाही हे. पूर्वी वाजवून आल्यावर दुखायचं ना, तसं दुखतंय…

हो. मलाही बरं वाटतंय. चल, ठेवते.